श्वासाची वाट

‘जेवताना बडबड करू नका, ठसका लागेल,’ ही ताकीद तुम्ही घरात अनेकदा ऐकली असेल. तिच्यात शिस्तीचा भाग आहेच. पण तिच्यामागे शरीररचनेतली एक खरी अडचणही आहे. ज्या घशातून आपण घास गिळतो, त्याच घशातून श्वासही घेतो.

घशातून खाली दोन नळ्या जातात. पुढची नळी फुप्फुसांकडे जाते, ती श्वासनलिका. तिच्या पाठीला लागून असलेली दुसरी नळी पोटाकडे जाते, ती अन्ननलिका. आता असे पाहा. नाक वर आहे आणि तोंड खाली. नाकातून मागे आलेल्या हवेला घशात पुढच्या नळीकडे वळावे लागते, तर तोंडातून आलेल्या घासाला मागच्या नळीकडे जावे लागते. म्हणजे हवेची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. रेल्वेचे रूळ आणि गाडीरस्ता जेथे छेदतात तेथे फाटक लागते, आणि ते वेळेवर पाडणारा फाटकवालाही लागतो. घशातही तसेच आहे.

गळ्याच्या पुढच्या भागावर मधोमध बोट हलकेच ठेवा आणि आवंढा गिळा. बोटाखालचा कठीण भाग वर सरकून पुन्हा खाली आलेला जाणवेल. हे स्वरयंत्र. श्वासनलिकेचे हे प्रवेशद्वार. गिळताना ते वर उचलले जाते, त्याच्या तोंडावरचे पानासारखे झाकण खाली झुकते, आतले स्वरतंतू एकमेकांना चिकटतात आणि क्षणभर श्वास थांबतो. गिळता गिळता श्वास घेऊन पाहा, जमणार नाही. बोलताना मात्र हे दार उघडे असते. अशा वेळी घास आला तर एखादा कण चुकीच्या नळीत शिरतो आणि तो बाहेर फेकण्यासाठी जोराचा ठसका लागतो.

फाटकवाला झोपला तर?

ही सर्व व्यवस्था मेंदूच्या हुकमतीखाली, आपल्या नकळत चालते. पण माणूस बेशुद्ध झाला तर? डोक्याला मार लागला, विषबाधा झाली किंवा शस्त्रक्रियेसाठी भूल दिली, तर स्नायू सैल पडतात. जीभ हा मोठा स्नायूच आहे आणि तिचे मूळ खालच्या जबड्याला जोडलेले आहे. उताण्या पडलेल्या बेशुद्ध माणसाचा जबडा सैल होतो, जीभ मागे घसरते आणि घशाची वाट बुजवते. ठसक्याची सोयही बंद पडते. मग लाळ, रक्त किंवा पोटातून उलटून आलेले अन्न सरळ श्वासनलिकेत उतरू शकते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अशा माणसाची फुप्फुसे चांगली असतात, हृदय चांगले असते, भोवती हवाही भरपूर असते. अडथळा असतो तो फक्त बोटभर लांबीच्या वाटेत. म्हणूनच डॉक्टर कोणत्याही अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत अगदी सुरुवातीलाच तीन प्रश्न विचारतात. श्वासाची वाट उघडी आहे का? ती लाळ, रक्त, उलटी यांपासून सुरक्षित आहे का? आणि हवा खरोखर फुप्फुसांत पोचते आहे का? या लेखात ज्या युक्त्या आणि साधने येतील, ती सारी या तीन प्रश्नांची उत्तरे आहेत.

हाताशी वेळ किती?

थोडे गणित करू. शांतपणे श्वास सोडल्यावर प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे २,५०० मिलिलिटर हवा शिल्लक राहते. तिच्यात बाष्प आणि कार्बन डायॉक्साइड मिसळलेले असल्याने प्राणवायूचे प्रमाण बाहेरच्या हवेसारखे २१ टक्के नसून सुमारे १४ टक्के असते. म्हणजे प्राणवायू झाला सुमारे ३५० मिलिलिटर. स्वस्थ पडलेल्या प्रौढाला दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. श्वास बंद पडला तर हे कोठार एक-दोन मिनिटांतच रिकामे होत येते. त्यानंतर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते.

भूलतज्ज्ञ या गणिताचा उपयोग करून घेतात. भूल देण्यापूर्वी ते रुग्णाला तीन-चार मिनिटे मास्कमधून शुद्ध प्राणवायू देतात. त्यामुळे फुप्फुसांतला नायट्रोजन हळूहळू धुऊन निघतो आणि त्याची जागा प्राणवायू घेतो. कोठारात आता सुमारे ८८ टक्के प्राणवायू आहे असे धरा: २,५०० मिलिलिटरांचे ८८ टक्के म्हणजे २,२०० मिलिलिटर. त्याला २५० ने भागा. उत्तर येते जवळजवळ नऊ मिनिटे! प्रत्यक्षात सगळा साठा वापरता येत नाही. लठ्ठ माणसांत आणि गरोदर स्त्रियांत हा वेळ बराच कमी मिळतो. लहान मुलांना वजनाच्या मानाने प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायू लागतो, म्हणून त्यांच्यातही तो कमीच. तरीसुद्धा मिळालेली ही जादा मिनिटे फार मोलाची असतात. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे शहाणपण येथे अक्षरशः प्राण वाचवते.

एक मिलिमीटरची किंमत

वाट पूर्ण बंद होण्याची गरज नसते. ती थोडी अरुंद झाली तरी मोठा फरक पडतो. किती मोठा? फ्रान्समधील पॉइझय नावाच्या डॉक्टरांनी १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून द्रव कसे वाहतात याचा बारकाईने अभ्यास केला. प्रवाह संथ असेल तर नळीचा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट होत नाही. २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट होतो.

हे श्वासनलिकेला लावून पाहू. प्रौढाच्या श्वासनलिकेचा व्यास १६ मिलिमीटर धरू. आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली तर व्यास १४ मिलिमीटर होईल आणि विरोध सुमारे १.७ पट वाढेल. नवजात बाळाची श्वासनलिका साधारण ४ मिलिमीटर व्यासाची असते. तिला तेवढीच सूज आली तर व्यास २ मिलिमीटर उरतो आणि विरोध १६ पट होतो! मोठ्या माणसाचा ज्या सुजेने नुसता घसा बसतो, तिनेच तान्ह्या मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो, याचे कारण हे.

करून पहा: सरबत पिण्याची बारीक नळी आणि शहाळ्याच्या गाडीवर मिळते तशी जाड नळी घ्या. दोन्ही सारख्या लांबीच्या कापा आणि सारख्याच पाण्याचे दोन पेले सारखाच जोर लावून ओढून रिकामे करा. लागलेला वेळ घड्याळावर मोजा आणि नळ्यांच्या व्यासांशी ताडून पाहा.

नुसत्या हातांनी उघडणारी वाट

श्वासाची वाट उघडण्याचे पहिले साधन म्हणजे दोन हात. एक हात कपाळावर ठेवून डोके हलकेच मागे कलवायचे आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटीचे हाड वर उचलायचे. जीभ जबड्याला जोडलेली असल्याने जबडा वर आला की जीभही घशाच्या मागच्या भिंतीपासून सुटते. मानेला मार लागल्याची शंका असेल तर प्रशिक्षित माणूस डोके न हलवता कानाखालचे जबड्याचे दोन्ही कोपरे पुढे ढकलतो.

युक्ती इतकी सोपी; पण तिचे महत्त्व सिद्ध व्हायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. तोवर बुडालेल्या माणसाला पालथे निजवून पाठीवर दाब देणे, हात वर ओढणे, अशा पद्धती शिकवल्या जात. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पीटर साफर या भूलतज्ज्ञांनी त्यांची कसोटी घेतली. स्वतःहून पुढे आलेल्या निरोगी व्यक्तींना त्यांनी भूल दिली, औषधाने त्यांचे स्नायू सैल केले आणि प्रत्येक पद्धतीने किती हवा आत जाते ते मोजले. जुन्या पद्धतींत पुष्कळदा पुरेशी हवा आत जातच नव्हती, कारण घसा बंदच राहत होता. डोके मागे कलवून तोंडाने श्वास दिला तर मात्र छाती वर येत होती. आजच्या प्रथमोपचाराचा पाया या मोजमापावर उभा आहे.

साधी साधने, मोठे काम

हात अडकून पडू नयेत म्हणून साधने आली. आर्थर ग्वेडेल या अमेरिकन भूलतज्ज्ञांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेली वाकडी, पोकळ नळी आजही प्रत्येक रुग्णालयात असते. ती तोंडातून जिभेवरून आत बसवली की जीभ मागे पडत नाही. तिचे माप घेण्याची रीत सोपी आहे: ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंतचे अंतर. ही नळी फक्त गाढ बेशुद्ध माणसालाच चालते. शुद्धीवर असलेल्याला ती लावली तर उमळून येते.

दुसरे साधन म्हणजे मास्क आणि पिशवी. रुग्णालयात तुम्ही ‘अँबू बॅग’ हा शब्द ऐकला असेल. १९५६ साली डेन्मार्कमधील हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी ही आपोआप फुगणारी पिशवी आणली. दाबली की हवा रुग्णाकडे जाते. सोडली की पिशवी स्वतःच्या लवचीकपणामुळे पुन्हा फुगते आणि बाहेरची ताजी हवा आत घेते. मधली झडप उच्छ्वासाची हवा पिशवीत परत येऊ देत नाही. वीज नको, सिलिंडरही नसला तरी चालते. प्रौढ रुग्णाला साधारण दर सहा सेकंदांना एकदा, आणि तेही छाती नुसती वर उचललेली दिसेल इतकेच दाबायचे असते. घाबरून जोरजोरात दाबले तर हवा अन्ननलिकेतून पोटात जाते, पोट फुगते आणि उलटी होण्याचा धोका वाढतो. मास्क चेहऱ्यावर हवाबंद बसवणे, हे खरे कौशल्याचे काम आहे. अंगठा आणि तर्जनी यांनी मास्क दाबून धरायचा, तर उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा. एकट्याला जमत नसेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने पिशवी दाबावी.

तिसरे साधन सक्शन, म्हणजे घशातली लाळ, रक्त, उलटी ओढून घेणारा पंप. वाट उघडली पण चिखलाने भरलेली राहिली तर काय उपयोग?

गायनशिक्षकाचा आरसा आणि डॉक्टरांची नळी

आतापर्यंतच्या साधनांनी वाट उघडी राहते; पण ती सुरक्षित होत नाही. त्यासाठी श्वासनलिकेतच नळी घालावी लागते. मग स्वरयंत्र दिसायला हवे. जिवंत माणसाचे बोलते स्वरयंत्र नीट पाहण्यात पहिले यश कोणाला मिळाले असेल? ते डॉक्टरला नव्हे, गाणे शिकवणाऱ्या गुरूला! लंडनमध्ये राहणाऱ्या मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले.

१८७८ साली ग्लासगोमध्ये विल्यम मॅक्यूएन यांनी जिभेच्या मुळाशी गाठ झालेल्या एका रुग्णाच्या श्वासनलिकेत शस्त्रक्रियेपूर्वी तोंडातून नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिला. नळी घातली ती केवळ बोटांच्या स्पर्शाने! पुढे पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया होऊ लागल्या. चेहऱ्यावर भुलीचा मास्क ठेवला तर सर्जनने काम कोठे करायचे? या अडचणीतून आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी रबरी नळ्या घालण्याचे तंत्र विकसित केले.

नळी घालताना जीभ बाजूला सारून आत प्रकाश टाकणाऱ्या उपकरणाला लॅरिंगोस्कोप म्हणतात. विजेरीसारखी मूठ, तिच्यात बॅटरी आणि पुढे दिवा बसवलेले धातूचे पाते, अशी त्याची रचना असते. ऑक्सफर्डचे रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये सुचवलेले वाकडे पाते आजही सर्वत्र वापरात आहे. पात्याचे टोक जीभ आणि स्वरयंत्रावरचे झाकण यांच्यामधल्या खाचेत टेकवून पाते वर उचलले की झाकणही उचलले जाते आणि मागे स्वरतंतूंची त्रिकोणी फट दिसते. उपकरण डाव्या हातात धरतात, नळी उजव्या हातात. रुग्णाच्या डोक्याखाली लहान उशी ठेवतात. मान पुढे आणि चेहरा किंचित वर, म्हणजे फुलाचा वास घेताना आपण करतो तशी ही ठेवण. तिने तोंडापासून स्वरयंत्रापर्यंतची नजर बरीच सरळ होते. अलीकडच्या उपकरणांत पात्याच्या टोकाशी छोटा कॅमेरा असतो आणि स्वरयंत्र पडद्यावर दिसते.

नळीचे माप तिच्या आतल्या व्यासाने सांगतात. प्रौढांना साधारण ७ ते ८ मिलिमीटरची नळी लागते. मुलांसाठी एक सोपे सूत्र आहे: वयाला ४ ने भागा आणि ४ मिळवा. आठ वर्षांच्या मुलासाठी ६ मिलिमीटर. हे सूत्र फुगा नसलेल्या नळीचे. फुगा असेल तर अर्ध्या मिलिमीटरने लहान नळी घेतात.

हा फुगा काय काम करतो? नळीच्या खालच्या टोकाजवळ तो बसवलेला असतो. डॉक्टर त्याला ‘कफ’ म्हणतात. खोकल्यातल्या कफाशी त्याचा काही संबंध नाही! नळी जागेवर गेली की बाहेरून हवा भरून तो फुगवतात. नळी आणि श्वासनलिका यांच्यामधली फट बुजते. मग दिलेली हवा बाहेर निसटत नाही आणि वरून लाळ किंवा उलटी खाली उतरण्याला मोठा अटकाव होतो. फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतात. ३० सेंटिमीटर म्हणजे तुमच्या मोठ्या मोजपट्टीइतकी उंची. दाब याहून फार वाढला तर श्वासनलिकेच्या अस्तरातला रक्तप्रवाह थांबून तेथे जखम होते.

या फुग्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून ग्वेडेल यांनी १९२० नंतरच्या दशकात एक नाट्यमय प्रयोग केला. आपल्या कुत्र्याला त्यांनी भूल दिली, फुगा असलेली नळी घातली आणि त्याला पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले. नळीतून श्वास चालूच होता आणि फुप्फुसांत पाणी शिरले नाही. बाहेर काढल्यावर कुत्रा जागा झाला. त्याचे नावही साजेसे होते: ‘एअरवे’, म्हणजे श्वासाची वाट!

कोपनहेगनचे विद्यार्थी

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओने केवळ हातपाय लुळे पडत नव्हते. अनेकांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूही निकामी होत होते. ब्लेगडॅम रुग्णालयात ऑगस्टच्या पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. शरीराभोवतीच्या हवेचा दाब कमी-जास्त करून छाती हलवणारी ‘लोखंडी फुप्फुसा’ची मोठी पेटी रुग्णालयात एकच होती. शिवाय तिच्याने छाती हलली, तरी घशात साचून श्वासनलिकेत उतरणारी लाळ थांबत नव्हती.

या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट फार वाढलेले दिसे. रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा त्याचा अर्थ डॉक्टर लावत होते. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी वेगळे मत मांडले. रुग्ण पुरेसा श्वास घेऊ शकत नाहीत, म्हणून कार्बन डायॉक्साइड साचतो आहे आणि बायकार्बोनेट त्यामुळे वाढले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे रक्त अल्कधर्मी नव्हे, उलट आम्लधर्मी झाले होते. २७ ऑगस्ट रोजी १२ वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या गळ्याला छेद देऊन त्यांनी श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसवली, साचलेली लाळ ओढून काढली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. ती वाचली.

पण पिशवी दाबायची किती दिवस? आणि कोणी? यंत्रे नव्हती. तेव्हा वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी बोलावण्यात आले. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसले आणि हातांनी पिशव्या दाबत राहिले. एका वेळी ७० पर्यंत रुग्ण असे विद्यार्थ्यांच्या हातांवर श्वास घेत होते. या कामाचे एकूण तास भरले सुमारे १,६५,०००. अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होते, ते सुमारे ४० टक्क्यांवर आले. रुग्णालयांतील आजच्या अतिदक्षता विभागांचे मूळ या घटनेत आहे.

नळी कोठे गेली?

आता तिसरा प्रश्न. दोन नळ्या एकमेकींना लागून आहेत, हे आपण सुरुवातीला पाहिले. घाईगर्दीत डॉक्टरांची नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर? मग प्राणवायू पोटात जात राहतो आणि रुग्ण गुदमरत राहतो. छातीला स्टेथॉस्कोप लावून ऐकले तरी फसगत होऊ शकते.

याचे उत्तर तुमच्या प्रयोगशाळेतल्या एका साध्या प्रयोगात आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, कारण उच्छ्वासात सुमारे ४ ते ५ टक्के कार्बन डायॉक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे ०.०४ टक्केच असतो. पोटातून येणाऱ्या हवेत तो श्वासामागून श्वास टिकून राहत नाही. म्हणून नळीतून परत येणाऱ्या हवेत कार्बन डायॉक्साइड सतत दिसतो का, ही खरी कसोटी. कॅप्नोग्राफ नावाचे यंत्र या हवेतून अवरक्त किरण सोडते. कार्बन डायॉक्साइड ते शोषून घेतो. किती शोषले गेले त्यावरून त्याचे प्रमाण कळते आणि पडद्यावर प्रत्येक श्वासाची लाट उमटते. लाट दिसत नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे असेच धरून चालायचे, हा आज भूलशास्त्राचा दंडक आहे.

करोनाच्या साथीत, २०२० पासून, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी माहीत झाला. मग त्यावर भरवसा का ठेवू नये? कारण तो उशिरा बोलतो. आधी फुप्फुसांतले कोठार रिकामे होते आणि त्यानंतर आकडा घसरू लागतो.

वाट सापडत नाही तेव्हा

काही माणसांच्या घशाची ठेवण अशी असते की स्वरयंत्र दिसतच नाही. याचा अंदाज आधी यावा म्हणून एक साधी तपासणी आहे. ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली मूळचे आंध्र प्रदेशातील आणि अमेरिकेत काम करणारे भूलतज्ज्ञ शेषगिरी राव मल्लमपटी यांनी. आरशासमोर ताठ बसा, तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा, आवाज मात्र करू नका. पूर्ण पडजीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कमानी दिसल्या तर तुम्ही पहिल्या वर्गात. नुसते वरचे कठीण टाळू दिसले तर चौथ्या. चौथा वर्ग म्हणजे आजार नव्हे. भूलतज्ज्ञाने जास्त तयारीनिशी यावे, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्लंडमध्ये २००५ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर नळी घालता येईना आणि मास्कनेही पुरेशी हवा जाईना. अनुभवी डॉक्टर वीसेक मिनिटे नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. गळ्याला छेद देण्याचे साहित्य परिचारिकेने तयार ठेवले होते. पण ते वापरले गेले नाही. तो रुग्ण वाचला नाही. कौशल्याची उणीव हे याचे कारण नव्हते. संकटात मन एकाच गोष्टीला चिकटून बसते आणि वेळेचे भान सुटते. नळी हे साधन आहे आणि प्राणवायू पोचणे हे साध्य आहे, याचा विसर पडला की असे होते.

म्हणून आता तज्ज्ञांच्या संघटनांनी आधीच पायऱ्या ठरवून ठेवल्या आहेत. ब्रिटनमधील संघटनेने २००४ आणि २०१५ मध्ये, तर ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये आपल्या परिस्थितीला अनुरूप अशी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. थोडक्यात सांगायचे तर, मोजक्या प्रयत्नांत नळी गेली नाही तर थांबायचे आणि स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारा छोटा मास्क वापरायचा. ब्रिटिश भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये त्याची कल्पना साकारली. तो बसवताना स्वरयंत्र दिसावे लागत नाही. तोही जमला नाही तर चेहऱ्यावरच्या मास्ककडे परत यायचे. काहीच साधले नाही तर गळ्याच्या पुढच्या बाजूने, स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधल्या पातळ पडद्याला छेद देऊन तेथून नळी आत घालायची. कोणती पायरी केव्हा चढायची हे संकटापूर्वीच ठरलेले असते, आणि ‘डॉक्टर, आता पुढची पायरी’ असे सांगण्याचा हक्क परिचारिकेलाही असतो.

तुमच्या हातात काय आहे?

नळ्या आणि पाती ही प्रशिक्षित हातांची कामे. पण श्वासाची वाट उघडी ठेवण्यासाठी तुम्हालाही पुष्कळ करता येते.

१. कोणी बेशुद्ध पडला आणि त्याचा श्वास नीट चालू असेल तर त्याला एका कुशीवर वळवा. जीभ आणि लाळ पुढे येते, वाट मोकळी राहते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

२. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. फिट आलेल्याच्या दातांत चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचाही उपयोग नाही. फिट थांबली की कुशीवर वळवा.

३. श्वास चालू नसेल, किंवा अधूनमधून आचके येत असतील, तर मदत बोलावून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यायला लागा. हे शिक्षण शाळेत मिळावे असा आग्रह शिक्षकांकडे धरा.

४. घास अडकलेला माणूस खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्या. बोलता, खोकता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच जोराचे तडाखे द्या. तेवढ्याने भागले नाही तर मागून मिठी मारून, बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर झटका द्या. हा उपाय अमेरिकेतील हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये सुचवला. दोन्ही आळीपाळीने चालू ठेवा. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर मात्र असा झटका कधीही देऊ नये. त्याला पालथे, डोके खाली करून पाठीवर तडाखे देतात आणि मग छातीवर दाब देतात. न दिसणारी वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नका. ती आणखी आत जाते.

५. लहान भावंडांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे, नाण्यासारख्या वस्तू किंवा फुटलेले फुगे देऊ नका. त्यांची वाट किती अरुंद असते, हे आता तुम्हाला माहीत आहे.

स्वाध्याय

१. ६ मिलिमीटर व्यासाच्या श्वासनलिकेला आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली. हवेच्या संथ प्रवाहाला होणारा विरोध किती पट होईल?

२. १० वर्षांच्या मुलासाठी फुगा नसलेली किती मापाची नळी लागेल?

३. घशात बसवायची ग्वेडेलची नळी आणि श्वासनलिकेत घालायची फुग्याची नळी यांपैकी कोणती ‘वाट उघडी आहे का?’ या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि कोणती ‘सुरक्षित आहे का?’ याचेही? कारण द्या.

४. कॅप्नोग्राफच्या पडद्यावर लाट नाही, पण ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवतो आहे. डॉक्टरांनी कोणावर विश्वास ठेवावा, आणि का?

(उत्तरे: १. सुमारे ५ पट. २. ६.५ मिलिमीटर. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची चर्चा वर्गात शिक्षकांबरोबर करा.)